वाटेवरचा विसावा आणि त्याचें मोल

गेल्या हिवाळ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला एक प्रश्न घातला. तो आतां पुण्यास एका मोठ्या कारखान्यांत अधिकारी आहे आणि महिन्यांतून एकदां तरी विमानानें बाहेरगांवीं जातो. विमानतळावर उतारूंना बसण्यासाठीं जीं खास दालनें असतात, ज्यांना सर्वजण 'लाउंज' या इंग्रजी नांवानेंच ओळखतात, त्यांचें वार्षिक सभासदत्व पैसे भरून घ्यावें कीं न घ्यावें, असा त्याचा प्रश्न होता. इतिहासाच्या अध्यापकास हें विचारण्यांत थोडा खोडकरपणा होता हें उघड आहे. त्यांतून मी माळशिरसचा. आमच्या गांवाला रेल्वेहि नाहीं. पुण्याचा विमानतळ दीडशे किलोमीटरांच्या आसपास, आणि सोलापूरहून नियमित उड्डाणें सुरू झालीं तीं २०२५ च्या जूनमध्यें. तथापि वाटेवर थांबलेल्या माणसाला सावली कोणीं द्यावी आणि तिचे पैसे कोणीं भरावे, हा प्रश्न आमच्या गांवाला परका नाहीं. दरवर्षीं ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी धर्मपुरीपाशीं सोलापूर जिल्ह्यांत शिरते आणि नातेपुतें, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरपुराकडे जाते. त्या रात्रीं आमच्या ओट्यांवर, शाळांत, देवळांत आणि शेतांच्या बांधांवर पाऊल ठेवावयास जागा उरत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यास पत्रोत्तर लिहावयास बसलों तें लांबत गेलें. त्यांतलेंच कांहीं येथें मांडतों.

आपल्याकडे या विषयाचा पुरावा फार जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील हा गृहस्थ भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकचा परिसर व सोपारें, या चार ठिकाणीं आपण चौसोपी विश्रांतिगृहें बांधल्याचें नोंदवितो. विहिरी, तळीं आणि बागा यांचाहि उल्लेख तो करतो. आणि तापी, दमण, दाहणुका इत्यादि नद्यांवर उतारूंकडून कांहीं न घेतां पैलतीरीं पोंचविणाऱ्या नावा ठेवल्याचें सांगतो. नदीच्या दोन्ही तीरांवर बसावयास जागा आणि पिण्यास पाणी ठेवावयासहि तो विसरला नाहीं. नावेची वाट पाहणाऱ्याची सोय ही नावेइतकीच महत्त्वाची आहे, हें त्याला कळलेलें होतें. याच्या उलट बाजूचें चित्र नाणेघाटांत दिसतें. तेथें घाटमाथ्याजवळ सातवाहनांचें लेणें आहे, नागनिकेचा प्रसिद्ध लेख त्यांतच आहे. आणि वाटेच्या कडेला दगडी रांजण आहे, ज्यांत जकात टाकली जाई असें परंपरा सांगते. एकीकडे पुण्याची नाव आणि दुसरीकडे जकातीचा रांजण! प्रवाशाच्या सुखसोयीचा पुढला सारा इतिहास या दोन टोकांमध्यें हेलकावत आला आहे.

मध्यंतरींच्या काळाविषयीं फार लिहीत नाहीं. अहिल्याबाई होळकरांनीं काशीपासून सोमनाथापर्यंत घाट, देवळें आणि धर्मशाळा बांधल्या हें शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. पंढरपुरांत होळकरांचा आणि शिंद्यांचा वाडा आजहि उभा आहे. पालखीच्या आजच्या स्वरूपाचे प्रवर्तक हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्याच पदरचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांनीं सोहळ्याची घडी बसविली, तेव्हां बेळगांवकडील अंकलीच्या शितोळे सरकारांनीं घोडे दिले आणि माउलींच्या मुक्कामासाठीं तंबू दिला; ती सेवा त्या घराण्यानें पुढें चालविली आहे. म्हणजे देवाच्या विसाव्याची सोय सरदारानें केली. वारकऱ्याची सोय कोणीं केली? ती त्यानें स्वतः केली, आणि येथेंच आमच्या प्रश्नाचा खरा पूर्वज सांपडतो.

दिंडीबरोबर जो नियमानें चालतो तो आरंभींच दिंडीचालकाकडे ठराविक रक्कम भरतो. तिला भिशी म्हणतात. त्या पैशांतून मालमोटारीचें भाडें, तंबू, शिधा आणि आचारी यांचा खर्च चालतो. भिशी दिंडीगणिक निराळी असते; कोठें पैशाऐवजीं धान्यहि घेत असत. ज्यानें भिशी भरली त्याची वळकटी मालमोटारींत जाते, संध्याकाळीं त्याला तंबूंत अंग टाकावयास जागा मिळते आणि पंगतींत त्याचें पान असतें. ज्यानें भरली नाहीं तो गांवच्या अन्नदानावर आणि कोणाच्या तरी ओसरीवर विसंबून असतो, आणि त्याचीहि वारी होतेच. हें सभासदत्व नव्हे तर काय? परंतु एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. भिशी भरणारा वेगळ्या रस्त्यानें जात नाहीं. दिवसभर तो त्याच उन्हांत, त्याच चिखलांत, भिशी न भरणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून चालतो. धावाबावीच्या उतारावर दोघेहि सारखेच धावतात.

तरीहि जुन्याचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाहीं. इरावतीबाई कर्व्यांनीं 'वाटचाल' हा आपला लेख लिहिला तेव्हां एकाच दिंडींत ब्राह्मणांच्या आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या उठत होत्या, ही गोष्ट त्यांनीं दडवून ठेविली नाहीं. धर्मशाळा फुकट होत्या, पण त्यांच्या उंबऱ्यावर जात विचारली जाई. गाडगेमहाराजांनीं पंढरपुरांत चोखामेळा धर्मशाळा उभारली ती याचसाठीं: ज्यांच्या पूर्वजानें अभंग रचले त्यांनाच पंढरींत पाठ टेकावयास जागा नव्हती. ती धर्मशाळा पुढें १९४९ सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन झाली. विठ्ठलाचें देऊळहि साने गुरुजींच्या उपोषणानंतरच, १९४७ सालीं, अस्पृश्यांना खुलें झालें. दात्याच्या दयेवर चालणाऱ्या विसाव्यांत दाता कोणाला आंत घेईल याचा नेम नसतो. पैसे मोजून घेतलेल्या जागेंत निदान एवढें बरें कीं, रखवालदार कार्ड पाहतो, कुळी पाहत नाहीं. ही लहान गोष्ट आहे असें ज्याला वाटतें त्याच्या वाडवडिलांना कोणीं कधीं उंबऱ्यावरून परत पाठविलें नसावें.

रेल्वे आली आणि जातीच्या जागीं तिकिटाचा वर्ग आला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. १८६० सालीं लोहमार्ग सोलापूरपर्यंत पोंचला. १९०६ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाऊं लागली. वरच्या वर्गाच्या उतारूंसाठीं स्टेशनावर आरामखुर्च्या आणि स्नानगृह असलेली खोली असे. तिसऱ्या वर्गाला मुसाफरखाना, म्हणजे वर पत्रा आणि खालीं फरशी. यात्रेच्या गर्दींत माणसें मालाच्या वाघिणींतूनहि नेली जात. गंमत अशी कीं, उतारूंकडून रेल्वेला मिळणाऱ्या उत्पन्नाचा फार मोठा भाग याच तिसऱ्या वर्गाच्या खिशांतून येई. गांधीजींनीं १९१७ सालीं तिसऱ्या वर्गाच्या हालांवर पुस्तिका लिहिली तिचें मर्म हेंच होतें: जो अधिक देतो त्याला अधिक मिळावें याबद्दल तक्रार नाहीं, परंतु सर्वांत अधिक भरणा ज्या समूहाचा, त्याच्या वांट्याला माणुसकीपुरतेंहि येऊं नये, हें कोणत्या हिशेबांत बसतें? तिसरा वर्ग १९७४ सालीं नांवानें नाहींसा झाला. मुसाफरखान्याची फरशी कांहीं ठिकाणीं अजून तीच आहे.

विमानाच्या जगांत हीच कथा अधिक झपाट्यानें घडली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटांनीं कराचीहून मुंबईस टपालाचें विमान आणलें तेव्हां जुहूला उतारू नव्हतेच. मग थांबण्याची खोली कोणासाठीं असावयाची? उतारूंची वेगळी बैठक अमेरिकेंत निघाली. न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर १९३९ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें असें पहिलें दालन उघडलें. तेथें पैसे भरून जातां येत नसे. कंपनी आपल्या मर्जींतल्या माणसांना 'ॲडमिरल', म्हणजे आरमाराचा सरदार, अशी मानाची पदवी देई आणि तेवढ्यांनाच दार उघडे. पुढें १९६० नंतरच्या दशकांत या पक्षपाताविषयीं तक्रारी झाल्या आणि वर्गणी भरणाऱ्यास प्रवेश मिळूं लागला. मर्जीच्या जागीं वर्गणी आली हें पुढचेंच पाऊल होय. १९९२ सालीं इंग्लंडांत 'प्रायॉरिटी पास' ही योजना निघाली आणि एका कार्डावर अनेक विमानतळांचीं दालनें उघडूं लागलीं. आमच्याकडे हें काम मुख्यतः बँकांनीं केलें. क्रेडिट कार्डासोबत हा प्रवेश फुकट वांटला गेला. कांहीं कार्डांवर तर यंत्रांत दोन रुपये कापून घेतले कीं जेवणाचें ताट पुढें! परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. एकांतासाठीं केलेल्या दालनाच्या दारांत रांगा लागल्या. मग बँकांनीं २०२४ च्या सुमारास अटी घातल्या, कीं आधींच्या तिमाहींत कार्डावर अमुक हजारांचा खर्च केला असेल तरच आंत जावें. एकांत सर्वांना विकला कीं तो एकांत राहत नाहीं, आणि मग विकणाऱ्याला पुन्हां एकदां दार अरुंद करावें लागतें.

विद्यार्थ्यानें मागितलेला हिशेब मीं टाळला नाहीं. २०२४ सालीं वर सांगितलेल्या योजनेच्या तीन वर्गण्या होत्या. पहिली वर्षाला ९९ डॉलर, आणि शिवाय दर खेपेला ३५. दुसरी ३२९, तींत दहा खेपा फुकट. तिसरी ४६९, खेपांना मर्यादा नाहीं. वर्षांत सहा खेपा होत असतील तर पहिल्या वर्गणीनें ३०९ पडतात, सात झाल्या तर ३४४. म्हणजे सातव्या खेपेपासून दुसरी परवडते. दुसरींत दहानंतर दर खेपेस पुन्हां ३५ मोजावे लागत असल्यानें चौदाव्या खेपेला ती तिसरीच्या बरोबरीला येते, आणि पंधराव्यापासून तिसरी स्वस्त. वर्षांतून एकदांच जाणाऱ्याला मात्र पहिल्या वर्गणीनें एक चहा, एक उपमा आणि एक मऊ खुर्ची १३४ डॉलरांना पडते. महिन्याला एक प्रवास, जातां-येतां दोन विमानतळ, म्हणजे वर्षाच्या चोवीस खेपा. तेव्हां माझ्या विद्यार्थ्यास कागदावर तिसरी वर्गणी सोयीची दिसते. परंतु तो विमानतळावर पोंचतो उड्डाणापूर्वीं दीड तास. तपासणींतून सुटून त्याच्या हातीं अर्धा तास उरतो. खेप मोजतांना हा अर्धा तास मोजावा, चोवीस हा आंकडा मोजूं नये, असें मीं त्याला लिहिलें. दोन तासांहून अधिक थांबणें वर्षांत किती वेळां घडलें तें जुन्या तिकिटांवरून काढ. तो आंकडा सातापलीकडे गेला नाहीं तर वर्गणी भरूं नकोस, भूक लागेल त्या दिवशीं भूक लागेल तेवढेंच विकत घे.

येथवर पत्र नीट चाललें होतें. पुढें लिहितांना मला एक जुनी गोष्ट आठवली, ती त्याला लिहिली नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं आईला घेऊन उत्तरेंतून परत येत होतों. धुक्यानें विमान पांच तास लांबलें. माझ्या खिशांत बँकेचें कार्ड होतें, त्यावर एकास प्रवेश. सोबतच्या माणसाचे पैसे वेगळे, आणि ते बरेच. आई म्हणाली, "मला न्हाई लागत तसलं. तू जा, खाऊन ये. मी हितंच बसते." मी गेलों. भरावयाचे पैसे माझ्याजवळ नव्हते असें नाहीं. ती नको म्हणाली एवढें निमित्त मला पुरलें. आंत गालिचा होता, दिवे मंद होते, तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ मांडलेले होते. तेथले पदार्थ बाहेर नेतां येत नाहींत असें एका पाटीवर लिहिलेलें होतें. अर्ध्या तासानें बाहेर आलों तेव्हां आई खुर्ची सोडून भिंतीशीं फरशीवर बसली होती, पुढ्यांत फडकें पसरलेलें, आणि घरून नेलेल्या शेवटच्या दोन दशम्यांतली एक शेजारच्या परमुलखी बाईच्या पोराला मोडून देत होती. माझ्याकडे पाहून तिनें विचारलें, "भिशी किती पडली रं?" कार्ड फुकट आहे असें मीं सांगितलें. तिनें थोडा विचार केला. ती वीस वर्षें दिंडींत चाललेली बाई. "मग एकाचंच पान का?" म्हणाली.

त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. आतां एवढें म्हणतां येईल कीं, ज्या विमानतळावर साध्या बाकावर नीट बसतां येतें, पाणी फुकट आणि चहा परवडेल असा मिळतो, तेथें लाउंजच्या सभासदत्वाला गिऱ्हाईक थोडें मिळेल. बाहेरचा चहा जितका महाग, तितकी आंतली वर्गणी स्वस्त वाटते. म्हणून या वर्गणीचें खरें मोल आंत काय मिळतें यापेक्षां बाहेर काय मिळत नाहीं यावर ठरतें. कलकत्त्याच्या विमानतळावर २०२४ च्या डिसेंबरांत 'उडान यात्री कॅफे' निघाला, तेथें चहा दहा रुपयांना आणि सामोसा वीस रुपयांना ठेवला गेला. विमानतळावरच्या महागाईविषयीं त्यापूर्वीं संसदेंत आवाज उठला होता. उषवदाताच्या नदीकांठच्या पाणपोईची आठवण व्हावी अशी आधुनिक विमानतळावरची ही एकच गोष्ट माझ्या पाहण्यांत आहे, आणि तिला शिलालेखाची गरज पडली नाहीं.

विद्यार्थ्यानें जुनीं तिकिटें काढून पाहिलीं. दोन तासांहून अधिक थांबणें वर्षांत चार वेळां घडलें होतें. त्यानें वर्गणी भरली नाहीं असें कळवितो. आईचें चालणें आतां होत नाहीं. तरी तिच्या आग्रहावरून तिच्या दिंडीची भिशी यंदाहि भरून आलों. चालकानें वहींत तिचें नांव लिहिलें, पुढें 'येणार नाहींत' असा शेरा मारला, आणि त्या पानावर कोणाला बसवावयाचें तें तिलाच विचारून कळवा म्हणाले.