पुसलेली पंगत

आमच्या गावात व्हिडिओ आला तो भाड्यानं. 1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत टीव्ही सुरू झाला. मग तालुक्याहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणून एका रात्रीत तीन-तीन पिक्चर बघायची टूम निघाली. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं 1976 मध्ये काढलेली व्हीएचएस कॅसेट अशी आमच्या चावडीपुढं पोचली. पुढं लग्नांतही शूटिंगवाले दिसू लागले. 1990 मध्ये धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्हीपण शूटिंग केलं. तीन तासांची एक कॅसेट घरात आली. तीन वर्षांनी अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले. भिंतीवर त्यांचा फोटो होता, पण चालते-बोलते अण्णा त्या एकाच कॅसेटमध्ये उरले.

शूटिंगवाल्यानं कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडून दिली होती. ती मोडली की व्हीसीआर त्या कॅसेटवर दुसरं काही भरून घेत नाही. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की मशीन फसतं, हे मला ठाऊक होतं. 9 मार्च 1996 ला बंगळूरमध्ये वर्ल्डकपची भारत-पाकिस्तान मॅच होती. जडेजानं वकारला धुतला आणि मला ती मॅच जपून ठेवायची हुक्की आली. घरात तोवर जुना व्हीसीआर घेतला होता, पण कोरी कॅसेट नव्हती. लग्नाच्या कॅसेटीत शेवटाला नुसते आहेर असतील, असं मनाला सांगितलं, चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. भारत 39 धावांनी जिंकला. दुसऱ्या दिवशी कॅसेट मागं फिरवून बघितली, तर पंगत गेली होती. अण्णा पंक्तीत वाढत फिरत होते, ते सगळं गेलं. पाठवणीही बरीचशी गेली. मी कुणाला बोललो नाही. कॅसेट ट्रंकेच्या तळाशी घातली.

2009 मध्ये बहीण म्हणाली, ''भाऊ, माझ्या लग्नाची सीडी करून दे की.'' आता काय सांगणार? तालुक्याच्या स्टुडिओत गेलो. तिथल्या पोरानं व्हीसीआरमधून तीन वायरी काढून कॉम्प्युटरच्या कॅप्चर कार्डाला जोडल्या. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. टेपवरचं चित्र कार्ड आकड्यांत बदलतं, सेकंदाला 25 चित्रं, एकेका चित्रात आडवे 720 आणि उभे 576 ठिपके. तासाभराला 13 जीबीच्या आसपास जागा लागते. या कामात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. मी शेजारी स्टुलावर बसून राहिलो.

मॅच जिथं सुरू झाली तिथं कॅप्चर थांबलं. असल्या जोडावर टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतात आणि चित्र पुढं चालतं. कार्डाला मात्र सिग्नल एकसारखा लागतो, तो तुटला की ते अडतं. पोरगा म्हणाला, ''काका, लग्नात मॅच कशी हो?'' तेरा वर्षांत पहिल्यांदा मी ते कुणाला तरी सांगितलं.

मॅचनंतर पाठवणीची चाळीस सेकंदं शिल्लक होती. पोरानं ती वेगळी उतरवली. लावून बघितली तर अण्णांचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागनं यायचा. उतरवताना मधली काही चित्रं गळाली होती, आवाज मात्र पुरा आला होता. सॉफ्टवेअरमध्ये चित्राची पट्टी वर आणि आवाजाची खाली असते. पोरानं आवाजाची पट्टी थोडी थोडी अलीकडं सरकवली. पुन्हा लावलं. ''पोरी, सांभाळून राहा,'' अण्णा म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी काढून तिनंच डोळे पुसले. ओठ आणि आवाज जुळले होते.

बहिणीला सीडी दिली तेव्हा सगळं कबूल केलं. तिनं ती चाळीस सेकंदं तीनदा बघितली. मग एवढंच म्हणाली, ''राहिलंय ते तरी नीट ठेव.'' ती मॅच आज कुणीही मोबाइलवर बघतो. आमची पंगत कुठंच नाही.

2016 मध्ये जपानच्या फुनाई कंपनीनंही व्हीसीआर बनवणं बंद केलं. जुने आहेत तेवढ्यांवरच आता भागवायचं. ट्रंकेत कॅसेटींना बुरशी धरते. म्हणून कुणाच्या घरी कॅसेट दिसली की मी आधी तिच्या कडेची पट्टी मोडलीय का ते बघतो आणि मग सांगतो, लवकर उतरवून घ्या. आणि उतरवताना शेजारी बसा.