गोमंतकाची अल्पायुषी विमानसंस्था व तिचीं साधनें (इ. स. १९५५–१९६१)

ताम्रपट, सनदा, बखरी व मोडी रुमाल यांस आपल्या संग्रहांत मानाचें स्थान असतें. विमानाचें वेळापत्रक किंवा प्रवाशाच्या पेटीवर चिकटविलेली रंगीत चिठ्ठी मात्र कोणी रुमालांत बांधून ठेवीत नाहीं. आम्हींही आयुष्याचा मोठा भाग संस्कृत पोथ्यांच्या मागें घालविला, तेव्हां हा दोष आमच्याही पदरीं आहेच. परंतु गोमंतकांत सहा वर्षें चाललेल्या व एका रात्रींत संपलेल्या एका विमानसंस्थेचा वृत्तान्त जुळवूं लागल्यावर असें दिसून आलें कीं, तिच्या इतिहासाचीं पुष्कळशीं साधनें याच रद्दी मानल्या गेलेल्या कागदांत आहेत.

या संस्थेचें पोर्तुगीज नांव ‘त्रान्सपोर्तेस आएरेओस दा इंदिया पोर्तुगेझा’, म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानची हवाई वाहतूक. आद्याक्षरांवरून तीस टी. ए. आय. पी. म्हणत. इ. स. १९५५ मध्यें पोर्तुगीज सत्ताधाऱ्यांनीं ती उभारली. तिचा उगम व्यापारांत नसून नाकेबंदींत आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. इ. स. १९५४ च्या जुलै-ऑगस्टांत दादरा व नगरहवेली हीं ठाणीं पोर्तुगीजांच्या हातून गेलीं. भारत सरकारनें गोवा, दमण व दीव यांच्याशीं चालणाऱ्या व्यापारावर व प्रवासावर निर्बंध घातले. ता. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीज पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर उरलासुरला संबंधही तुटला आणि मुरगांवाहून कॅसलरॉककडे जाणारी आगगाडी सीमेवर थांबली. गोव्याहून दमण सरळ रेषेंत सुमारें ५७० किलोमीटर, तेथून खंबायतच्या आखाताचें मुख ओलांडून दीव सुमारें २०० किलोमीटर, आणि दिवेहून कराची सुमारें ६०० किलोमीटर. जमिनीची वाट बंद झाल्यावर या चार ठिकाणांस जोडणारा जलद मार्ग आकाशाचाच उरला.

येथें थोडें विषयांतर करणें आम्हांस आवश्यक वाटतें. कारण याच बंद झालेल्या वाटेचा वाद आमच्या वाचकांच्या परिचित कागदांपर्यंत पोहोंचला होता. दमणहून दादरा-नगरहवेलीस जाण्याचा हक्क आपणांस आहे, अशी फिर्याद पोर्तुगालनें डिसेंबर १९५५ मध्यें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत गुदरली. तेथें पुरावा म्हणून उभे राहिले ते पेशव्यांशीं झालेला इ. स. १७७९ चा तह आणि इ. स. १७८३ व १७८५ च्या मराठी सनदा! तहांत १२,००० रुपये वसुलाचीं गांवें देण्याचें कलम आहे. यानें सार्वभौमत्व दिलें कीं केवळ सरंजाम, हा प्रश्न होता. न्यायालयानें ता. १२ एप्रिल १९६० च्या निकालांत असें ठरविलें कीं, मराठ्यांनीं दिला तो वसुलाचा हक्क, राज्य नव्हे. मात्र पुढें इंग्रजांनीं पोर्तुगीज सत्ता मान्य केल्यामुळें खाजगी लोक, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांस इ. स. १९५४ मध्यें जाण्यायेण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रें यांस नव्हता. आणि भारतानें केलेली अडवणूक या मर्यादेबाहेर गेलेली नाहीं. पावणेदोनशें वर्षांपूर्वींच्या कारकुनानें ‘सरंजाम’ हा शब्द लिहिला नसता तर काय झालें असतें, हा विचार मनांत येतोच. असो. समुद्रकांठ नसलेल्या दादरा-नगरहवेलीस या विमानांचा उपयोग नव्हता. जेथें समुद्रावरून जाऊन समुद्रकांठींच उतरतां येई, तेवढ्याच प्रदेशाची ही वाहतूक होती.

गोव्यांत मुरगांवजवळ दाभोळीच्या पठारावर, तसेच दमण व दीव येथें, याच काळांत विमानतळ बांधण्यांत आले. दाभोळीच्या तळास गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश याचें नांव दिलें होतें. आरंभीं संस्थेकडे ‘हेरॉन’ जातीचीं लहान विमानें होतीं. त्यांस चार इंजिनें, पण आंत पंधरा-सतरा माणसांपुरतीच जागा. पुढें दोन इंजिनांचीं ‘व्हायकिंग’ आलीं आणि शेवटीं लांब पल्ल्याचीं ‘डी. सी. ४’ व ‘डी. सी. ६’ घेऊन संस्थेनें लिस्बनपर्यंत मजल मारली. कराची हें या मार्गावरील नाक्याचें ठिकाण. तेथें गोमंतकीयांची जुनी वस्ती होती, व मुंबईची वाट अडलेल्या गोवेकरास बाहेरच्या जगाचें दार तेथें सांपडे. या विमानांनीं परकी राज्याचें आयुष्य वाढविलें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांतून आजारी माणसें, विद्यार्थी व पत्रें हींही गेलीं. तेवढ्यासाठीं तरी हा वृत्तान्त आपल्या इतिहासांतून वगळतां येणार नाहीं.

आतां साधनांविषयीं. तारीख नसलेलें तिकीट किंवा दरपत्रक हातीं आल्यास प्रथम नाणें पाहावें. पोर्तुगीज हिंदुस्थानांत रुपयाचे १६ तांगा व ९६० रेईश होत. इ. स. १९५८-५९ मध्यें तें चलन जाऊन एका रुपयास ६ एस्कुदो या दरानें एस्कुदो व सेंताव आले; नव्या नोटांवर २ जानेवारी १९५९ ही तारीख आहे. म्हणून भाडें रुपये-तांग्यांत असेल तर कागद संस्थेच्या पूर्वार्धांतला, एस्कुदोंत असेल तर उत्तरार्धांतला. लखोट्यावरील तिकिटांसही हीच कसोटी लागूं पडते. छायाचित्र असेल तर विमानावरील अक्षरें वाचावीं. पोर्तुगीज हिंदुस्थानांत नोंदलेल्या विमानांवर ‘सी आर – आय’ हीं आरंभाचीं अक्षरें असत. खुद्द पोर्तुगालच्या विमानांवर ‘सी एस’. दाभोळीस लिस्बनच्या कंपनीचीं विमानेंही उतरत, त्यामुळें कोणतेंही चित्र पाहून तें याच संस्थेचें समजण्याची चूक सहज होते. आमच्याकडूनही ती एकदां झाली आहे.

या अक्षरांचें महत्त्व शेवटच्या रात्रीच्या वृत्तान्तांत विशेष आहे. ता. १८ डिसेंबर १९६१ रोजीं सकाळीं भारतीय वायुदलाच्या १२ कॅनबेरा विमानांनीं दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. नंतर आणखी ८ विमानांनीं दुसरा हल्ला केला. तळावर उभीं असलेलीं दोन प्रवासी विमानें हातीं लागावीं म्हणून मुद्दाम वांचविलीं होतीं. परंतु रात्रीं धावपट्टी कशीबशी सारखी करून, अधिकाऱ्यांच्या बायकामुलांस घेऊन, तीं दोन्ही काळोखांत उडालीं व कराचीस पोहोंचलीं. त्यांतील एक लिस्बनच्या कंपनीचें ‘कॉन्स्टेलेशन’, याविषयीं मतभेद नाहीं. दुसरें आमच्या प्रस्तुत संस्थेचें. पण तें कांहीं वृत्तान्तांत ‘डी. सी. ६’ तर कांहींत ‘डी. सी. ४’ म्हटलें आहे. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. दोन्ही जातींस चार इंजिनें, दोहोंची ठेवण एकच, डी. सी. ६ थोडें लांब एवढेंच, व वरून पाहणाऱ्यास हा भेद दिसणें कठीण. जवळून मात्र खूण स्पष्ट आहे: डी. सी. ४ च्या खिडक्या वाटोळ्या, डी. सी. ६ च्या चौकोनी. विमान चालविणाऱ्यांच्या बाजूनें आलेले वृत्तान्त डी. सी. ४ म्हणतात, आणि स्वतः बसलेल्या घोड्याचा रंग स्वार सहसा चुकत नाहीं.

दमणच्या तळावरचा शेवट निराळा झाला. तेथें लेफ्टनंट कर्नल भोंसले यांच्या हाताखालील मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण ता. १८ च्या पहांटे चालून गेली. सायंकाळपर्यंत बहुतेक प्रदेश तिच्या हातीं आला. विमानतळ व धाकटें दमण येथील ठाणें तेवढें टिकून होतें, तेंही १९ तारखेस शरण आलें. त्याच दिवशीं गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्ह यानें गोव्यांत शरणागती दिली. दाभोळीचा तळ पुढें भारतीय नौदलाकडे आला, व इ. स. १९६४ मध्यें ‘हंस’ हें नौदलाचें हवाई ठाणें कोइमतूरजवळील सुलूरहून तेथें आणण्यांत आलें.

ज्या वाचकांचे आप्त त्या काळीं कराचीस किंवा गोव्यांत होते, त्यांनीं घरच्या जुन्या पेट्यांच्या झांकणांची आंतली बाजू एकवार पाहावी. चिठ्ठ्या बहुधा तेथेंच चिकटलेल्या राहतात. त्या सोडविण्यासाठीं पाणी लावूं नये. डिसेंबर १९६१ मधील कराचीच्या विमानतळाचें एखादें छायाचित्र सांपडल्यास त्यांतील खिडक्यांचा आकार व अंगावरील अक्षरें तेवढीं उतरून पाठवावीं.