रिकाम्या खुर्चीचे राजकारण

मराठी पडद्यावर पुढाऱ्यांची वाण कधीच नव्हती. 'सामना'तला साखरसम्राट आणि 'सिंहासन'मधला (१९७९) मुख्यमंत्री तर आपल्या बोलण्यातही येऊन बसले आहेत. पण हे पुढारी आपल्याला भेटतात तेव्हा सत्ता त्यांच्या हाती आलेलीच असते. कोणतेही पद नसलेल्या आठ-दहा माणसांत एकाचा शब्द चालू कसा लागतो आणि तो दुसऱ्याकडे सरकतो कसा, हा प्रश्न अधिक अवघड आहे. तो आपल्याकडे सर्वांत निर्दयपणे मांडला विजय तेंडुलकरांनी.

'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली 'रंगायन'ने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे होते, आणि बेणारेबाई नाटकाप्रमाणेच पडद्यावरही सुलभा देशपांडे यांनीच साकारल्या. पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींच्या बोलण्यातून नाटकाचे बीज मिळाले, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

प्रारंभी या मंडळींवर छाप असते ती बेणारेबाईंचीच. त्या सर्वांच्या नकला करतात, गातात, चिडवतात. औपचारिक पुढारीपण काशीकरांकडे असले तरी हसणे-खिदळणे बेणारेबाईंच्या तालावर चालते. मग गावातल्या सामंतला कोर्ट कसे असते ते समजावे म्हणून एक लुटुपुटूचा खटला उभा करायचे ठरते आणि त्यांच्या पाठीमागेच त्यांना आरोपी नेमले जाते. सत्तांतर इथेच घडते. पण कोणीही सत्ता मागितलेली नसते.

यानंतरचे पुढारीपण कोणा एकाजवळ टिकत नाही. ज्याच्याकडे बेणारेबाईंविषयी सांगण्यासारखे काही आहे, त्याच्याकडे ते जाते. फारसे खटले न मिळणारे सुखात्मे वकील फिर्यादीचे आणि बचावाचे, दोन्ही काम एकटेच करतात. सामंत हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो आणि ती नेमकी वर्मी लागते. काशीकर न्यायाधीश असूनही साक्षीला उभे राहतात. सर्वांत बोलका क्षण बाळू रोकडेचा आहे. काशीकर दांपत्याच्या अन्नावर वाढलेल्या, सदैव दबलेल्या या मुलालाही बोलायला मिळते, आणि काही क्षण तो सर्वांच्या वर चढतो. नेतृत्व म्हणजे गुण, ही पाठ्यपुस्तकी समजूत इथे टिकत नाही. रोकडेजवळ गुण नाही. केवळ बाई कोंडलेली आहे. दाराला बाहेरून कडी लागली आहे.

रंगमंचावर ही सारी माणसे एकाच वेळी दिसत राहतात. कोणाकडे पाहायचे ते प्रेक्षक ठरवतो. पडद्यावर ती निवड कॅमेरा करतो, आणि ज्याचा चेहरा जवळ आणला जातो तो तेवढ्यापुरता आपलाही पुढारी होतो. या कथेचा चित्रपट होण्यात मला मोठा अर्थ दिसतो तो एवढ्याचसाठी.

(आम्हा वसई-विरारकरांना याचे फारसे नवल वाटू नये. लोकलच्या डब्यातल्या रोजच्या 'ग्रुप'चा म्होरक्या निवडून कोठे येतो? कोणाला सरकून जागा द्यायची नाही, हे ज्याच्या नजरेवरून ठरते तो म्होरक्या.)

बाराजणांतला एकजण विरोधात उभा राहतो आणि युक्तिवादाने अकरांना वळवतो, ही कथा अमेरिकेत १९५७ साली सिडनी ल्युमेट यांनी, तर हिंदीत १९८६ साली बासू चॅटर्जी यांनी 'एक रुका हुआ फैसला'मधून सांगितली. चित्रपट देखणा आहे. पण विवेकावरचा त्याचा विश्वास तेंडुलकरांना परवडला नसता. त्यांच्या मंडळीत तो विरोध करणारा एकजण नसतोच. प्रयोग पाहायला लोक येऊन ठेपले की सारे पुन्हा सभ्य होतात, एवढेच.

श्याम बेनेगलांसाठी लिहिलेल्या दोन पटकथांत त्यांनी हाच धागा पुढे नेला. 'निशांत'मध्ये (१९७५) शाळामास्तर आणि पुजारी जमीनदारांविरुद्ध गाव उठवतात. पुजाऱ्याच्या भूमिकेत दुबेच आहेत, हा योगायोग लक्षात राहणारा. गाव उठते, पण एकदा उठल्यावर मास्तरांचे राहत नाही. जिच्यासाठी हे सारे मांडले, ती त्यांची पत्नीही त्या उद्रेकात जाते.

आणि लगेच पुढच्या वर्षी 'मंथन'. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभा केलेला हा चित्रपट. शहरातून आलेले डॉ. राव सहकारी सोसायटी काढतात. तिच्या निवडणुकीत सरपंच हरतो आणि मग डाव उलटतात. रावांची बदली होते. त्यांच्यावर प्रारंभी मुळीच विश्वास नसलेला, तिरसट भोला मागे उरतो आणि सोसायटी चालवण्याचे काम त्याच्याकडे येते. तेंडुलकरांच्या या तीन कथांत पुढारीपण कोणाला कोंडल्याशिवाय हाती येते ते एकट्या भोलाच्याच. आणि तेही राव निघून गेल्यावर.