अंगणापर्यंत चालत गेलेली शाळा

रोममधल्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया मॉन्टेसरीचं पहिलं 'बालगृह' सुरू झालं. बालशिक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात ही तारीख सापडते. तिथल्या नियमावलीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि ती तर खुद्द मॉन्टेसरीबाईंनीच आपल्या पुस्तकात छापली आहे.

आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं इमारतीचे जिने आणि भिंती खराब करत. म्हणून इमारतीच्या मालक कंपनीनेच त्यांची एका खोलीत सोय केली. फी नव्हती, अटी होत्या. मूल स्वच्छ करून, स्वच्छ कपड्यांत पाठवायचं. आईने आठवड्यातून निदान एकदा येऊन बाईंशी बोलायचं. मूल न धुतलेलं, मळक्या कपड्यांत आलं तर त्याचं नाव कमी. आईबाप बाईंशी आदराने वागले नाहीत, तरी नाव मुलाचंच कमी.

मॉन्टेसरीबाईंना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा माझा हेतू नाही. त्या काळात गरिबांच्या मुलांमध्ये एवढी बुद्धी आहे असं म्हणणंच धाडसाचं होतं. पण आईबापांची वृत्ती आणि परिस्थिती यांवर मूल घडतं, हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न येतोच: आईबाप आपल्याला हवे तसे नसतील तर मुलाचं काय करायचं? रोमच्या नियमावलीचं उत्तर होतं, दार बंद. चाळीसेक वर्षांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत याच पद्धतीत मुरलेल्या एका बाईने वेगळं उत्तर शोधलं. आपण रोज 'अंगणवाडी' हा शब्द वापरतो, पण त्यात हे उत्तर आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

ताराबाई मोडकांचा जन्म १८९२चा, मुंबईतला, प्रार्थना समाजाच्या वळणाच्या घरातला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांना जाऊन मिळाल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला कसं वाढवायचं या विचारातून ते मॉन्टेसरीच्या लिखाणापर्यंत पोचले आणि १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. एका बापाची वृत्ती बदलली आणि त्यातून गुजरातेतल्या बालशिक्षणाची चळवळ उभी राहिली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. गिजुभाईंनी आईबापांसाठीही भरपूर लिहिलं: मारू नका, धाक घालू नका, मुलाला त्याच्या हाताने जेवू द्या. पण हे वाचणार कोण? ज्याला वाचता येतं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर वाचायला ज्याच्यात त्राण उरलेलं असतं, तो. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं, तिथले पालकही याच वर्गातले होते.

१९४५च्या डिसेंबरात त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. सोबत होत्या अनुताई वाघ. १९१०चा जन्म, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्यानंतर त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. एक सुधारकी घरातली पदवीधर, दुसरी बालविधवा. घरच्या पार्श्वभूमीवरून माणसाचं भविष्य वर्तवणाऱ्यांनी या जोडीपाशी जरा थांबावं.

बोर्डी गावाची निवड साधी वाटते, वर्ष साधं नव्हतं. त्याच १९४५ सालच्या मे महिन्यात जवळच झरी इथे वारली आदिवासींची परिषद झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात 'लग्नगडी' भेटतो. लग्नासाठी सावकाराकडून थोडं कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्याकडे राबायचं. बायको आली की तीही राबायची, पोरं मोठी झाली की तीही. मुलाच्या जन्माआधीच त्याच्या आईबापांचा सगळा वेळ गहाण पडलेला. 'पालकांची पार्श्वभूमी' हा आजच्या अहवालांतला गुळगुळीत शब्द त्या मुलखात एवढा ठोस होता.

बोर्डीची बालवाडी सुरू झाली. महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. समुद्रकिनारी ते फुकट होते. हरिजनवाड्यातली मुलं मात्र आली नाहीत. पुढची हकिकत आपण कौतुकाने सांगतो: मुलं शाळेत आली नाहीत, म्हणून शाळा मुलांकडे गेली. वाड्यातल्या अंगणात वर्ग भरू लागला आणि अंगणवाडी जन्मली.

मला यातलं 'आली नाहीत' हे क्रियापद खटकतं. जणू मुलं रुसून बसली होती. १९४५ साली गावातल्या बालवाडीत दलित आईने आपलं तीन वर्षांचं पोर का पाठवलं नसेल, हे कळायला सर्वेक्षण लागत नाही. ज्या ओट्यावर तिला स्वतःला कुणी बसू दिलं नसतं, तिथे ती पोराला एकटं सोडेल? याला 'पालकांची अनास्था' म्हणायची सोय तेव्हाही होती. ताराबाईंनी ती घेतली नाही, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. मूल आलं नाही तर दोष आपल्या शाळेच्या जागेत असू शकतो, हे त्यांनी धरून चाललं.

अंगणात दिवस सुरू व्हायचा तो स्वच्छतेने. अंगण झाडायचं, मुलांना अंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी-गोष्टी-खेळ. रोममध्ये जी प्रवेशाची अट होती, ती इथे पहिल्या तासाचा अभ्यासक्रम झाली. शिवाय सगळं आयांच्या डोळ्यांदेखत. कुणी दारातून बघायची, कुणी येता-जाता हात लावायची. पालकांसाठी वेगळं व्याख्यान ठेवायची गरज उरत नव्हती. अर्थात वरच्या जातीतल्या बाईने वाड्यात जाऊन पोरांना धुवायचं, यात 'तुम्ही अस्वच्छ, आम्ही शिकवतो' हा सूर असणारच. सुधारकांच्या कामातला हा वास पूर्ण जात नाही आणि तो झाकूही नये. तरी 'स्वच्छ होऊन या' आणि 'आम्ही पाणी घेऊन येतो' यांत फरक आहे.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हललं, वारल्यांमध्ये. तिथे अडचण आणखी वेगळी निघाली. शाळेच्या वयाची मुलगी येईना, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड. ते सांभाळायला घरी कुणी नाही, कारण आई शेतावर. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली: विकासवाडी. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. थोडी मोठी मुलं गुरं राखायला जायची, तर त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं चरताहेत, तिथेच झाडाखाली वर्ग. आधी अनास्था वाटणारी गोष्ट जवळ जाऊन पाहिल्यावर कामाचं वेळापत्रक निघते, हे इथे पुन्हा पुन्हा दिसतं.

आता थोडं विषयांतर. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे आकडा दिसला की तो कुठून आला हे बघायची खोड आहे. बालविकासाच्या चर्चेत 'तीन कोटी शब्दांची दरी' हा आकडा हमखास येतो. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांच्या १९९५च्या पुस्तकातला हा अंदाज: चार वर्षांची होईपर्यंत गरीब घरातली मुलं सुशिक्षित नोकरदारांच्या मुलांपेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतात. तासाला सरासरी ६१६ शब्द विरुद्ध २,१५३. कॅन्सास शहरातली ४२ घरं, महिन्यातून एक तास ध्वनिमुद्रण. त्या ४२ घरांत सरकारी मदतीवर जगणारी घरं किती? सहा. सहा घरांवरून कोट्यवधींपर्यंत झेप. ऑफिसात असा आलेख दाखवला असता तर पहिल्याच स्लाइडला मला खाली बसवलं असतं.

यावरची २०१८ सालची एक टीका इथे जास्त कामाची आहे. डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी मुख्य सांभाळणाऱ्याबरोबर इतरांचं बोलणंही मोजलं, मुलाच्या कानावर सहज पडणारंही मोजलं, आणि दरीचं ते चित्र टिकलं नाही. आई एकटी किती बोलते एवढंच मोजलं तर आजी, आत्या, शेजारीण, भांडणं, गाणी, सगळं गोंगाटात जमा होतं. वाडीवरच्या मुलाभोवती तर हेच सगळं असतं.

याचा अर्थ आईबापांच्या वागण्याने काही होत नाही असा नाही. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली उंची खुंटलेल्या १२९ मुलांबरोबर एक प्रयोग झाला. काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं, आठवड्यातून तासभर जायच्या. घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं, हे आयांना दाखवायच्या. वीस वर्षांनी या मुलांची कमाई, अशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त निघाली. नुसत्या पूरक आहाराने तसा टिकाऊ फरक पडला नाही. आयांचं वागणं बदललं ते खरं, पण त्यासाठी कुणीतरी दर आठवड्याला त्यांच्या दारापर्यंत गेलं होतं.

मागच्या वर्षी माझ्या भाचीसाठी पुण्यातल्या एका प्लेग्रुपचा फॉर्म भरला. मूल अडीच वर्षांचं. फॉर्मचं दीड पान आईबापांचं शिक्षण, हुद्दा, वार्षिक उत्पन्न आणि घरात बोलली जाणारी भाषा यांसाठी; मुलाविषयी चार ओळी. शिवाय पालकांची मुलाखत. ताईने दाजींना रात्री बसवून उत्तरांची तयारी करून घेतली. प्रवेश मिळाला, म्हणून कुणाची तक्रार नाही. मला मात्र सान लोरेन्झोची भिंत आठवत राहिली. तिथे निदान उत्पन्न जास्त असावं अशी अट नव्हती.

ताराबाई १९७३ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आज सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. पण अंगण मागे पडलं. आता ती एक खोली असते, पुष्कळदा भाड्याची. वजन, उंची, लसीकरण, खिचडी आणि रजिस्टरं यांत सेविकेचा दिवस जातो. गृहभेट तिच्या कामांच्या यादीत आहे, पण त्या तासाचे पैसे हिशेबात नाहीत. तिला मिळतं ते वेतन नाही, मानधन. तिला ग्रॅच्युइटी लागू होते हे ठरायला २०२२चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. २०२१ साली महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन नीट चालत नव्हते आणि माहिती भरायचं ॲप त्यांच्या भाषेत नव्हतं. माझ्याच धंद्यातल्या कुणीतरी ते बनवलं असणार. वापरणारी बाई कुठे बसून ते उघडणार आहे, हे बघायला तो बोर्डी-कोसबाडकडे गेला नसावा.

त्या भागातली बरीच कुटुंबं आजही पावसाळा संपला की भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी परततात. तेवढे महिने गावातल्या रजिस्टरमध्ये मूल गैरहजर. १९९०च्या दशकात विधायक संसदेच्या कार्यकर्त्यांनी भट्ट्यांवरच वर्ग सुरू केले. भट्टीवर राहण्यासाठी बांधलेल्या खोपटाला तिथे भोंगा म्हणतात, म्हणून त्या भोंगा शाळा.