काळी पाटी, जुना नंबर

कॅलिफोर्नियात नवीकोरी टेस्लाही काळ्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं मिरवताना दिसते. हा रंग मूळचा १९६३ सालच्या सरकारी पाट्यांचा. दशक संपताना तिथे निळ्या पाट्या आल्या आणि काळ्या मागे पडल्या.

२०१२ साली कायदा झाला. पन्नास, साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या पाट्यांसारख्या पाट्या पुन्हा काढायच्या, पण एखाद्या नमुन्याला ७,५०० ऑर्डर आल्या तरच. तेवढ्या फक्त काळीला मिळाल्या. गाडी किती जुनी आहे, हे कुणी विचारत नाही. जादा फी भरा, पाटी घ्या. रंग जुना, नंबर आजचा.

आपल्याकडे उलटं आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी आणि धंद्यासाठी वापरायची नाही. नव्याने नोंदणी केली तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात; आधीच नोंदलेल्या गाडीला मात्र जुना नंबर ठेवता येतो.

मला ही सवलत मोलाची वाटते. मुंबईच्या जुन्या गाडीवरचा ‘बीएम’ने सुरू होणारा नंबर ‘एमएच ०१’च्या आधीची मुंबई सांगतो. रंग पुन्हा छापता येतो. एकदा गेलेला नंबर सहसा परत येत नाही. घरात जुनं आरसी बुक असेल, तर रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून बघा.