‘त्रिवेणी’तील दुसरा स्वर : कुमार गंधर्व आणि वसुंधरा कोमकली यांचे सहगायन

चऱ्होली : क्षयरोगाने अंथरुणाला खिळलेला आणि डॉक्टरांनी गाण्यास मनाई केलेला गायक काही वर्षांनी पुन्हा मैफलीत बसतो, ही घटना भारतीय संगीताच्या इतिहासात एकदाच घडली असे नाही. मात्र पंडित कुमार गंधर्व यांच्या पुनरागमनाने गाणाऱ्याबरोबरच ऐकणाऱ्यांचीही परीक्षा पाहिली. या पुनरागमनाच्या उत्तरार्धात त्यांच्या शेजारी आणखी एक आवाज होता. तो त्यांच्या पत्नी आणि शिष्या विदुषी वसुंधरा कोमकली यांचा. कबीर, सूरदास आणि मीरा यांच्या पदांची ‘त्रिवेणी’ ही या दाम्पत्याची ध्वनिमुद्रिका म्हणजे त्या सहगायनाचा घरोघरी पोहोचलेला दस्तऐवज होय. रसिकांनी तिचे मनापासून स्वागत केले. परंतु तिच्यातील दुसऱ्या आवाजाची स्वतंत्र दखल घ्यायला बराच काळ जावा लागला.

पूर्वपीठिका

कुमार गंधर्व यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. बालवयातच मोठमोठ्या गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखविण्याच्या शक्तीमुळे त्यांना ‘कुमार गंधर्व’ ही उपाधी मिळाली. १९३६ पासून मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात त्यांचे रीतसर शिक्षण झाले. देवधर मास्तर कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत शिष्याला बांधून ठेवणारे नव्हते. कुमारांच्या पुढील वाटचालीची बीजे या शिक्षणात होती, असे मानले जाते.

१९४७ मध्ये त्यांचा विवाह देवधरांच्याच विद्यालयातील भानुमती कंस यांच्याशी झाला. त्याच सुमारास क्षयाचे निदान झाले. कोरड्या हवेचे ठिकाण म्हणून जानेवारी १९४८ मध्ये हे जोडपे माळव्यातील देवास येथे गेले. थोरली आणि धाकटी पाती अशा पवारांच्या दोन गाद्या असलेले हे संस्थानी गाव मराठी माणसाला परके नव्हते. उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा बुजुर्ग गवई तेथेच राहत होता. मात्र तेविशीतील कुमारांच्या वाट्याला तेथे आली ती सक्तीची विश्रांती. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून संसार चालविला आणि पतीची शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील नवे औषध उपलब्ध झाल्यावर प्रकृतीला उतार पडला; परंतु एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते.

आजारपणाच्या या काळात कुमारांना गाता येत नव्हते, ऐकता मात्र येत होते. घराबाहेरून जाणाऱ्या माळव्यातील स्त्रियांची गाणी, सणावारांच्या आणि ऋतूंच्या धुना, फिरत्या साधूंची भजने आणि देवासमधील शीलनाथ महाराजांच्या धुनीवर होणारे नाथपंथी गायन हे सारे त्यांच्या कानांवर पडत होते. लोकधुनांमध्ये रागाचे मूळ असते, या त्यांच्या विचाराचा उगम येथे आहे. मालवती, लगनगांधार, संजारी, अहिमोहिनी, मघवा असे त्यांचे धुनउगम राग आणि पुढे १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा संग्रह ही या श्रवणाचीच फलश्रुती होय.

पुनरागमन आणि दुसरा आघात

१९५३ मध्ये कुमार गंधर्व पुन्हा जाहीर मैफलीत गाऊ लागले. श्रोत्यांना आठवत होता तो पल्लेदार तानांचा बालगायक. समोर आला तो लहान लहान स्वरवाक्यांत बोलणारा, मध्येच थांबणारा, शांततेलाही गाण्यात जागा देणारा गायक. दीर्घ आलापी आणि अतिविलंबित लय यांची जागा मध्य लयीतील बंदिशीने घेतली होती. श्वासाच्या मर्यादेतून ही शैली घडली, असे काहींचे मत आहे. तिचे मूळ कुमारांच्या विचारातच होते आणि आजाराने केवळ तिला धार आली, असे इतरांचे म्हणणे आहे. दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट अशी की, अपुऱ्या श्वासाची उणीव त्यांच्या गाण्यात उणीव म्हणून उरली नाही.

ही घडी बसत असतानाच १९६१ मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर भानुमतीबाईंचे निधन झाले. पुढे देवासमधील घराला मिळालेले ‘भानुकुल’ हे नाव त्यांची आठवण जपते.

१९६२ मध्ये कुमार गंधर्व यांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. वसुंधराताईंचा जन्म २३ मे १९३१ रोजी जमशेदपूर येथे मराठी कुटुंबात झाला. बालपण कोलकात्यात गेले आणि तेथील आकाशवाणीवर त्या लहान वयातच गाऊ लागल्या. कुमारांकडे शिकण्याच्या इच्छेने १९४६ मध्ये त्या मुंबईत आल्या आणि प्रा. देवधर यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. म्हणजेच विवाहापूर्वीच त्या तयारीच्या गायिका होत्या. पतीच्या मागे तंबोरा घेऊन बसण्याचा निर्णय त्यांनी घेतला तो एक घडलेले गाणे जवळ असताना, हा मुद्दा पुढील सर्व चर्चेत महत्त्वाचा आहे.

‘त्रिवेणी’चे स्वरूप

ख्यालगायनात स्त्री आणि पुरुष यांचे सहगायन सहसा टाळले जाते. दोघांच्या आवाजांच्या पट्ट्या वेगळ्या असतात. एकच पट्टी धरली, तर कोणाला तरी आपला आवाज अवघड टोकाला न्यावा लागतो आणि मग दोन्ही गाणी अर्धवट राहतात. भजनात ही अडचण थोडी कमी होते. कारण तेथे विस्तारापेक्षा शब्दाला आणि धुनेला महत्त्व असते. कुमार आणि वसुंधराताई यांनी नेमकी हीच जागा हेरली.

‘त्रिवेणी’ या नावात कबीर, सूरदास आणि मीरा या तीन काव्यप्रवाहांचा संगम सुचविला आहे. सूरदासांच्या आणि मीरेच्या पदांत सगुण भक्ती आहे. समोर कृष्ण आहे, त्याच्याशी लाडीगोडी आणि तक्रार आहे. कबीराच्या निर्गुणी पदांत समोर कोणीच नाही. त्यामुळे गाण्याची जातच बदलते. लाडिक मुरक्या, हरकती आणि गजर यांना तेथे वाव नसतो. कुमारांनी निर्गुणी भजनासाठी जे गायन घडविले त्यात शब्द अवकाशात फेकल्यासारखा येतो, स्वर सरळ आणि लखलखीत लागतो आणि त्यानंतर तंबोऱ्याचा नाद ऐकू येईल एवढी पोकळी ठेवलेली असते. तबला ठेका धरून राहतो, पुढे येत नाही.

या पोकळीत वसुंधराताईंचा आवाज येतो. काही वेळा तो कुमारांच्या स्वरावर बेमालूम बसतो, काही वेळा ओळ त्यांच्याकडून उचलून पुढे नेतो, तर काही वेळा ध्रुपदावर दोन्ही आवाज एकत्र येतात आणि स्वराला एकट्याच्या गळ्यात नसणारी रुंदी येते. श्वास तोडून गाणाऱ्या गायकाला या दुसऱ्या स्वराचा आधार होता, हे उघड आहे. परंतु केवळ आधार म्हटल्याने त्याचे पूर्ण वर्णन होत नाही. कुमारांचा स्वर टोकदार, तर वसुंधराताईंचा सलग आहे. एक स्वर सोडतो तेव्हा दुसरा धरून ठेवतो. निर्गुणी भजनाचा जो नाद रसिकांच्या मनात ‘कुमारांचा’ म्हणून ठसला आहे, तो बऱ्याच अंशी या दोन आवाजांच्या मिश्रणाचा नाद आहे.

श्रोत्यांचा कौल

कुमार गंधर्व यांच्या ख्यालगायनाबद्दल श्रोत्यांत उघड तट पडले होते. घराण्याची शिस्त मानणाऱ्यांना त्यांच्या गाण्यात रागाचा क्रमवार विस्तार दिसत नव्हता. त्यांच्या नव्या रागांविषयी शंका घेतल्या गेल्या. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमाने तर बालगंधर्वांच्या भक्तांमध्येही मतभेद निर्माण केले. कारण तेथे नक्कल नव्हती, स्वतःची समज होती. दुसऱ्या बाजूला पु. ल. देशपांडे यांच्यासारखे चाहते आणि लेखक, कवी, चित्रकार यांचा मोठा वर्ग त्यांच्या गाण्याभोवती जमला. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ या ऋतुसंगीताच्या आणि ‘तांबे गीतरजनी’, ‘तुकाराम : एक दर्शन’ यांसारख्या कार्यक्रमांनी हा वर्ग वाढत गेला.

भजनांच्या बाबतीत मात्र हे तट पुसट झाले. ज्यांना त्यांचा ख्याल पटत नव्हता, त्यांनाही निर्गुणी भजन नाकारता आले नाही. मैफलीच्या अखेरीस भजनाची फर्माईश होऊ लागली. शास्त्रीय संगीताचा गंध नसलेल्या घरांतही कबीराची पदे प्रथम पोहोचली ती या ध्वनिमुद्रिकांतून आणि नंतर कॅसेटमधून.

इंद्रायणीकाठच्या, म्हणजे आळंदी आणि चऱ्होली परिसरातील श्रोत्याला या गाण्यात एकाच वेळी ओळखीचे आणि अनोळखी असे काही सापडते. वारकरी कीर्तनात अभंगाचे ध्रुपद टाळकरी उचलतात. शंभर टाळांच्या नादात एकटेपणाला जागाच राहत नाही. कुमार-वसुंधरा यांच्या भजनात टाळकऱ्यांच्या जागी एकच माणूस आहे. गजर नाही, पण ध्रुपद धरणारे कोणी तरी आहे. आणखी एक धागा तत्त्वज्ञानाचा आहे. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ ही ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा नाथपंथाची. देवासच्या धुनीवर कुमारांनी जे ऐकले ते त्याच पंथाच्या दुसऱ्या शाखेचे गाणे होते. कबीराचे दोहे तर येथील कीर्तनकारांच्या मुखात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

उशिरा आलेली दाद

श्रोत्यांचे प्रेम एका बाबतीत मात्र एकांगी राहिले. कुमार गंधर्व यांना १९७७ मध्ये पद्मभूषण, १९८८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप आणि १९९० मध्ये पद्मविभूषण असे सन्मान मिळाले. वसुंधराताईंना पद्मश्री मिळाली ती २००६ मध्ये आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार २००९ मध्ये. कुमारांच्या पद्मभूषणानंतर २९ वर्षांनी त्यांच्या पत्नीच्या पद्म सन्मानाची घोषणा झाली. तेव्हा कुमारांना जाऊन १४ वर्षे उलटली होती.

हा प्रश्न केवळ पुरस्कारांचा नाही. साथीला बसलेल्या आवाजाला श्रोता काय समजतो, असा तो प्रश्न आहे. मैफलीत मागे बसलेली शिष्या गुरूचा स्वर भरून काढते, ही आपल्याकडील रूढ पद्धत आहे आणि शिष्येने नजरेत न येणे हाच तिचा गुण मानला जातो. त्यात शिष्या ही पत्नी असेल, तर तिचे गाणे घरच्या कामासारखे गृहीत धरले जाते. ‘त्रिवेणी’ ऐकताना ही सवय चालत नाही. कारण ध्वनिमुद्रिकेत मागची आणि पुढची बैठक दिसत नाही. तेथे असतात ते फक्त आवाज आणि ते दोन आहेत.

वारसा

१२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे कुमार गंधर्व यांचे निधन झाले. त्यानंतरची दोन दशकांहून अधिक वर्षे वसुंधराताईंनी भानुकुलातच राहून गायन आणि अध्यापन केले. कन्या कलापिनी कोमकली आणि कुमारांचे नातू भुवनेश कोमकली यांना त्यांची तालीम मिळाली. ख्यालाबरोबरच टप्पा, लोकधुन आणि भजन हे सर्व प्रकार त्यांनी शिकविले. स्वतंत्र मैफलीतील वसुंधराताई अनेकांना याच काळात प्रथम ऐकायला मिळाल्या. २९ जुलै २०१५ रोजी देवास येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

निर्गुणी भजनांचा श्रोतृवर्ग या काळात वाढतच गेला. शबनम विरमानी यांनी कबीर प्रकल्पांतर्गत कुमार आणि कबीर यांच्या नात्यावर ‘कोई सुनता है’ हा माहितीपट केला. अमेरिकेतील अभ्यासक लिंडा हेस यांनी कुमारांच्या कबीरगायनावर २००९ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. कुमारांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने २०२३-२४ मध्ये या गाण्याची पुन्हा उजळणी झाली.

‘त्रिवेणी’ प्रथमच ऐकणाऱ्याने एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. पहिल्या वेळी नेहमीप्रमाणे कुमारांच्या स्वराच्या मागे जावे. दुसऱ्या वेळी तेच पद लावून केवळ वसुंधराताईंच्या आवाजावर लक्ष ठेवावे. तो कोठे सुरू होतो, कोणत्या शब्दावर मिसळतो आणि कुमार थांबल्यावर किती वेळ टिकतो, हे मोजत गेल्यास पदाची बांधणीच निराळी उलगडते.