बिडाची शेगडी आणि आईची फुंकणी

परवा व्हरमाँटहून लेकीचा फोन. "आई, घरात लाकडाचा स्टोव्ह बसवायचाय. तुला काय वाटतं?"

मला हसूच आलं. आमच्या पिढीला स्टोव्ह म्हटलं की पंप मारायचा, पिन घालायचा, रॉकेलचा वास येणारा तोच आठवतो. म्हटलं, अगं, चुलीकडून गॅसकडे यायला आमचा अर्धा जन्म गेला, आणि तू अमेरिकेत जाऊन पुन्हा लाकडं फोडणार?

पण तिचं म्हणणं खरं होतं. तिथे प्रश्न स्वयंपाकाचा नसून थंडीचा आहे. तेलावर चालणारी भट्टी घर गरम ठेवते खरी, पण वीज गेली की तीही बंद. जानेवारी १९९८ मध्ये त्या भागात पडता पाऊस तारांवर आणि झाडांवर गोठत गेला, खांब मोडले, आणि कित्येक घरं ऐन थंडीत दिवसच्या दिवस विजेवाचून राहिली. जुने शेजारी अजून ती गोष्ट सांगतात म्हणे.

त्यातल्याच एका शेजारी आजोबांनी आपली १९७०च्या दशकातली अवाढव्य बिडाची शेगडी फुकट देऊ केली होती. जावईबापू खूश. लेक मात्र अडून बसलेली, कारण नातवाला दमा आहे. आता दोघांत न्याय कोणी करायचा? सासूने!

शेगडीतलं मला काही कळत नाही. पण इतिहास शिकवण्यात हयात गेली, तेव्हा म्हटलं, आधी मागचं वाचू.

वाचता वाचता थेट बेंजामिन फ्रँकलिनपर्यंत पोचले. पतंग आणि वीजवाला तो हाच. त्याच्या काळात घरात भिंतीतली उघडी शेकोटी असे. तिची बहुतेक ऊब धुराड्यातून आभाळात जाई, आणि ती जागा भरायला दाराखिडक्यांच्या फटींतून गार वारा आत येई. म्हणजे तोंड भाजतंय आणि पाठ गारठलीय! त्यातून लाकूड महागलं होतं. पूर्वी दारात मिळणारं सरपण काही गावांना शंभर शंभर मैलांवरून आणावं लागतं, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

१७४२ च्या सुमारास त्याने लोखंडी शेगडी योजली. जाळाच्या मागे एक पोकळ पेटी, तिच्यात बाहेरची हवा तापून खोलीत यायची. धुराला मात्र त्याने वळसा घातला : आधी वर, मग पेटीच्या मागून खाली, मग जमिनीलगत जाऊन धुराड्यात. वाटेत जमेल तेवढी ऊब काढून घ्यायची. आपल्या तांब्याच्या बंबाची आठवण झाली. त्यातही मधल्या नळीतून जाता जाता धूर आपली ऊब पाण्याला देऊन जातो.

१७४४ मध्ये त्याने या शेगडीवर पुस्तिका काढली. गव्हर्नरने पेटंट देऊ केलं, ते त्याने नाकारलं. इतरांच्या शोधांचा आपण फायदा घेतो, तर आपलाही शोध लोकांना मोकळा द्यावा, असं त्याचं म्हणणं. पुढे लंडनच्या एका लोखंडवाल्याने त्यात थोडे फेरफार केले, पेटंट घेतलं आणि पैसा केला. (वर्गात ही गोष्ट सांगायला मिळाली असती तर तास रंगला असता. असो.)

पण शेगडी धुरकट निघाली. धूर आपणहून खाली जात नाही. धुराडं चांगलं तापलेलं असेल तरच तो ओढला जातो, नाहीतर खोलीत परततो. पुढे रिटेनहाउस या खगोलशास्त्रज्ञाने धुराची वाट सोपी केली.

मधली जवळजवळ दोनशे वर्षं सोडून देते. कोळसा आला, तेल आलं, बिडाच्या शेगड्या अडगळीत गेल्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं, भाव काही महिन्यांत चौपट झाला, आणि न्यू इंग्लंडमधली माणसं पुन्हा कुऱ्हाड घेऊन रानात गेली. १९७५ मध्ये व्हरमाँटमध्येच व्हरमाँट कास्टिंग्ज ही कंपनी निघाली. त्या काळच्या शेगड्या 'एअरटाइट'. दार घट्ट, झडप जवळजवळ बंद, रात्री ओंडके भरले की सकाळपर्यंत निखारे. केवढी काटकसर!

पण कोंडलेली आग जळत नाही, ती धुमसते. धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच की. तो थंड धुराड्याला डांबरासारखा चिकटतो (त्याला क्रिओसोट म्हणतात), आणि एखाद्या दिवशी तो थरच पेट घेतो. उरलेला धूर गावावर. शेवटी १९८८ मध्ये अमेरिकन सरकारने नव्या शेगड्यांच्या धुरावर मर्यादा घातली. साध्या शेगडीला तासाला साडेसात ग्रॅम. २०१५ च्या नियमाने ती २०२० पासून दोन ग्रॅमवर आली. जुन्या शेगड्यांना मात्र हा नियम लागू नाही. आजोबांची शेगडी त्यातलीच.

नव्या शेगडीत करतात काय, तर वरच्या अंगाला भोकं पाडलेल्या नळ्या असतात. त्यांतून तापलेली हवा धुरावर सोडली की धूरच पेटतो.

हे वाचलं आणि कोकणातलं आमचं स्वयंपाकघर समोर आलं. ओली लाकडं, डोळ्यांतून पाणी, आणि आई फुंकणी घेऊन वाकलेली. ती फुंकर घाली आणि घरभर दाटलेला धूर चुलीच्या तोंडाशी भप्पकन ज्वाळा होऊन जाई. मला ती जादू वाटायची. तिला पन्नाशीतच लागलेला खोकला शेवटपर्यंत गेला नाही. बिडी-तंबाखूला कधी शिवली नव्हती बिचारी. निर्धूर चुली गावात आल्या तोवर उशीर झाला होता.

मी लेकीला फोन लावला. म्हटलं, आजोबांना गोड बोलून नाही म्हण. नवी घे, आणि खोलीला पुरेल एवढीच घे. मोठी घेतलीत की उकडतंय म्हणून झडप लावाल, आणि पुन्हा तोच धूर.

जावईबापू मागून म्हणाले, "आई, फुकटची होती हो!"

"पाठीला लागेल ती फुकटची," मी म्हटलं.

घेतली एकदाची, लहानशी, काचेच्या दाराची. लाकडं मात्र ताजी तोडलेली मिळाली. मेपलची, फोडून ठेवली तरी वाळायला वर्ष जाईल. ओल वीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय जाळायची नाहीत, असं मी बजावलंय. त्यासाठी एक छोटं यंत्र मिळतं, दोन सुया लाकडात टोचायच्या. सध्या नातू रोज शाळेतून आला की लाकडांना सुया टोचतो आणि मला आकडा कळवतो. काल एकतीस होता.